टाचणीच्या कोटाला मी पुरलो नाही

मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे, मित्रांनो. नाव भारदस्त असले तरी काम साधे आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुम्हाला जे जे दिसते, ते रंगवायचे काम माझ्यासारख्यांचे. मी वीतभर लांब आहे. माझ्या एका अंगाला पंखा आहे आणि त्याच्या एका पात्याचा टवका उडालेला आहे. माझी गोष्ट सांगण्याच्या लायकीची आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण माझ्या जागी दुसरे कार्ड निवडायला माणसे दुकानात गेली, तेव्हा मीही त्यांच्या पिशवीत होतो. हा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो, म्हणून धीर करून सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कण दिसला तरी धावपळ उडत असे. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्यावर चिपा बसवल्या, पंखा लावला. शेवटी तपासणीच्या बाईने मला एका यंत्रात खोचले. पडद्यावर लाल-निळे पट्टे उमटले. ती नुसते “हं” म्हणाली आणि मला खोक्यात घातले. माझ्या जन्माचे कौतुक एवढेच. खोक्यावर तलवार उपसलेल्या योद्ध्याचे चित्र होते. त्यामुळे आपल्याला जन्मभर लढाया रंगवायच्या आहेत, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला कोट आले.

ज्या दुकानात मी विकायला आलो, ते दुकान एक बाई चालवत. चष्मा दोरीने गळ्यात, हातात कायम स्क्रूड्रायव्हर. एके दिवशी तिथे कोट शिवणारे एक टेलर आले. त्यांना गिऱ्हाइकांना कोटाचे रंग पडद्यावर दाखवायचे होते. बाईंनी मला पुढे केले. “मास्तर, तुमच्या कामाला हे पोटभर होईल,” त्या म्हणाल्या.

मास्तरांचे घर आणि दुकान एकच. पुढच्या खोलीत कापायचे मोठे टेबल, दोन मशिनी, भिंतीला हँगर, आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. मागच्या खोलीत स्वयंपाक आणि झोपणे. मास्तरांची बायको काज-बटणे करी. तिची सुई चालली की जीभही चाले आणि दोन्हींना धार होती. त्यांची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. अंगाने बारीक आणि कुठेही टोचेल अशी, म्हणून बाप तिला टाचणी म्हणे. मी त्या मुलीच्या तोंडून इतक्या वेळा “आई” आणि “बाबा” ऐकले की पुढे मीही मनातल्या मनात त्यांना तेच म्हणू लागलो.

पहिल्या दिवशी टाचणीने एक खेळ सुरू केला. मी जीव ओतून एक कुरण रंगवले. आई हातातले काज सोडून उठून आली.

“अगंबाई! गवत हलतंय!”

“मग? वारा सुटलाय ना,” टाचणी म्हणाली.

मित्रांनो, एवढ्या वर्षांत माझी याहून मोठी वाहवा झालेली नाही.

नंतरची वर्षे कशी गेली ते कळले नाही. सकाळी मी करडे, निळे, तपकिरी कोट दाखवी आणि गिऱ्हाईक शेवटी काळाच घेई. दुपारी टाचणीचा अभ्यास असे आणि संध्याकाळी तिची चित्रे. आधी माउसने काढलेली वाकडी घरे, मग चालणारी माणसे, मग खोल्या, ज्यांच्यात आपण शिरतो आहोत असे वाटे. ती उभ्या उभ्या मोठी झाली आणि मी बसल्या बसल्या म्हातारा झालो. टेलरच्या घरात कापडाची बारीक तूस सतत उडते. ती माझ्या पंख्यात जाऊन बसे. मला धाप लागे, मी तापे, घरघर करी. सुरुवातीला बाबा दर महिन्याला कॉम्प्युटरचा डबा उघडून खडू झाडायच्या मऊ ब्रशने मला साफ करत. मग कामे वाढली, महिन्याचे सहा महिने झाले, पुढे कुणाच्या लक्षातही राहिले नाही. एकदा तूस इतकी साचली की पंखा अडकला आणि पात्याचा टवका उडाला. मी तक्रार केली नाही. करणार तरी कशी?

टाचणीला चित्रपट करायला शिकवणाऱ्या एका शाळेत जायचे होते. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचे नव्हे, कॉम्प्युटरमध्ये घडवलेले चित्रपट. प्रवेशासाठी तीन मिनिटांपर्यंतची फिल्म पाठवावी लागे. तिने गोष्ट घरातलीच घेतली. बाबांच्या दुकानात एक कोट वर्षानुवर्षे लटकत होता. मालकाने शिवायला टाकला आणि तो न्यायला आलाच नाही. टाचणीच्या फिल्ममध्ये तो कोट एका दुपारी हँगरवरून उतरतो आणि आपल्या माणसाला शोधायला रस्त्याने एकटाच चालू लागतो.

तो कोट मी रंगवला, मित्रांनो. आणि तिथेच मी कमी पडलो. चालताना कोटाला हजार चुण्या पडतात. कोपराशी वेगळ्या, पाठीवर वेगळ्या. त्या सगळ्या एकाच वेळी ध्यानात ठेवायला कार्डाकडे जागा लागते. तिला मेमरी म्हणतात. माझी मेमरी दोन जीबी. टाचणीने चुण्या वाढवल्या की माझ्यासमोर अंधार येई आणि सगळा कॉम्प्युटर बंद पडे. बिचारीने एकेक चुणी काढून टाकली, तेव्हा कुठे फिल्म झाली.

शाळेने अर्ज परत पाठवला. सोबत एका ओळीचा शेरा होता. गोष्ट चांगली आहे, पण कापड पत्र्यासारखे दिसते.

टाचणीपेक्षा बाबांनाच तो शेरा जास्त लागला. दोन दिवस ते तो शेरा पुन्हा पुन्हा काढून वाचत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “माझ्या घरातल्या कापडाला पत्रा म्हणतात? तीस वर्षांत एका गिऱ्हाइकानं असं म्हटलं नाही!”

मी डब्यात बसून ऐकत होतो. तो पत्रा माझा होता.

पुढच्या वर्षी टाचणीने पुन्हा अर्ज करायचे ठरवले. आईने अट घातली. “या वेळी झालं तर झालं. नाहीतर मामाच्या ऑफिसात टेबलाशी बसायचं. पुन्हा कोट-बिट काही नाही.” मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, गाडी चालवायला शिकवणारी शाळा चालवी. टाचणीने मान हलवली. तिने सगळे दृश्य नव्याने रचले, एकही चुणी न कापता. बारा दिवस उरले, तेव्हा बाबा म्हणाले, “चल, नवीन कार्ड घेऊ.”

जाण्याआधी बाबांनी रीतसर माप घेतले. मला बाहेर काढले, वायरी सोडवून बाजूला केल्या, डबा मोकळा केला, आतून टेप लावला आणि मापाच्या वहीत नवे पान काढले. गिऱ्हाइकाचे नाव लिहिले ‘कॉम्प्युटर’. खाली लांबी, रुंदी, उंची. मग मला अस्तराच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत घातले. मामाही सोबत आला. यंत्र म्हटले की आपल्याशिवाय कसे होणार, असे त्याला वाटे.

दुकान तेच, बाई त्याच, केस मात्र पांढरे झालेले. त्यांनी मला हातात घेऊन फुंकर मारली. “अरे, हे अजून आहे?” मला फार बरे वाटले.

“बाई, सगळ्यात जोरदार असेल ते दाखवा,” मामा म्हणाला.

“जोर कशाला हवाय? काम काय करणार?”

टाचणीने कोटाची गोष्ट सांगितली. बाईंनी दोन खोकी काढली. एकात तीन पंख्यांचे, रंगीत दिव्यांनी झगमगणारे कार्ड. दुसरे काळे, साधे, अगदी माझ्या चुलतभावासारखे दिसणारे.

“हे दिव्यांचं दुपटीनं पळतं,” बाई म्हणाल्या. “पण मेमरी आठ. हे काळं हळू आहे, मेमरी सोळा. तुझं दृश्य किती खातं?”

“बारा.”

“मग आठात बसायचं नाही. चुण्या कमी केल्यास तर बसेल.”

टाचणीने दिव्यांच्या कार्डाकडे पाहिले. “बारा दिवसच आहेत, बाबा. हे पळणारं घेतलं तर चार दिवसांत होईल. थोड्या चुण्या काढते.”

“तेच म्हणतोय मी!” मामा म्हणाला. “आणि दिसायला पण किती झकास आहे.”

“डब्याच्या आत कोण बघणार आहे रे त्याला?” बाई म्हणाल्या.

मी अस्तरात पडून तळमळत होतो. पोरी, चुण्या काढू नकोस. मी तेच केले होते, आठवते ना? पण माझा आवाज पंख्याएवढाच, आणि पंखा बंद.

बाबा मात्र काळ्या खोक्यावर हात ठेवून विचार करत होते. “बाई, ही मेमरी म्हणजे आमच्या कापायच्या टेबलासारखी का? कापड सगळं एकदम पसरता आलं पाहिजे?”

“अगदी तसंच, मास्तर.”

“मग झालं. टेबल लहान असलं की कापड दुमडून कापावं लागतं, मग मशीन कितीही पळवा, कोट वाकडाच होतो.” ते टाचणीकडे वळले. “सावकाश चालणारं चालेल. कापड दुमडायचं नाही.”

मामाने तोंड वाकडे केले. टाचणीने वडिलांकडे पाहिले आणि काळे खोके उचलले.

“डब्यात मावेल ना नीट?” बाईंनी विचारले.

“बाई, तीस वर्षं मापं घेतोय,” बाबा जरा दुखावून म्हणाले.

घरी आल्यावर कार्ड डब्यात बरोबर बसले. पुढे दोन सूत जागा उरली. बाबांनी मिशीवरून हात फिरवला. मला टेबलाशेजारच्या उघड्या फळीवर, खडूंच्या डब्याजवळ ठेवले होते. तिथून सगळे दिसे. विजेची जाड वायर नव्या कार्डाच्या वरच्या कडेला लागत होती आणि ती लावल्यावर डब्याचे झाकण दोन बोटे बाहेर राहिले.

“आता?” टाचणीने विचारले.

“थांब. खांद्यात बाही बसवताना असंच होतं. जरा दाबलं की बसतं.” बाबांनी गुडघा टेकवला, झाकण रेटले आणि स्क्रू पिळले.

मी ते पाहिले. वायरीचे टोक आत मुडपले, तेही पाहिले.

पहिल्याच दिवशी कोट पडद्यावर आला आणि घरातले सगळेजण पडद्यापुढे जमले. कापड होते ते! कोपराशी दुमडत होते, पाठीवर सैल पडत होते. आई पुढे झाली आणि तिने नकळत पडद्याला बोट लावून कापड चाचपले. त्या चित्रात माझा काहीच वाटा नव्हता. तरी मला आनंद झाला, असे मला वाटते. थोडी जळजळही झाली असेल. खोटे कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी काम चालू असताना पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केले, तासाभरात पुन्हा काळा. टाचणीला वाटले, आपल्याच रचनेत काहीतरी चुकले. तिने एकेक गोष्ट काढून पाहिली. रस्ता काढला, दुकाने काढली. असे पाच दिवस गेले. तिचे डोळे आत गेले. मामा येऊन म्हणाला, “मी सांगितलं होतं, दिव्यांचं घ्या म्हणून.” आई म्हणाली, “तू गप बस. तुझ्या गाड्यांचे दिवे बघ आधी.” पण मग टाचणीला हळूच म्हणाली, “मामाचं ऑफिस काही वाईट नाही गं. पंखा आहे.”

टाचणी हसली नाही. तिने कोटाच्या बाहीवरच्या चुण्या निवडल्या आणि त्या काढून टाकायला बोट बटणावर नेले.

नेमके तेव्हाच एक जाडे गिऱ्हाईक ट्रायलला आले. कोट चढवला, पण मधले बटण काही लागेना. बाबांनी ओढले, गिऱ्हाइकाने श्वास रोखला, तरी नाही.

“आत्ताच जेवून आलोय हो,” ते ओशाळून म्हणाले.

आई मागून म्हणाली, “उपाशी असताना माप घेतलंत ना यांचं? सगळ्या जगाला सांगत फिरता, जेवून या, बसून दाखवा, मग माप घेतो.”

बाबांच्या ओठांत सुई होती. ती तशीच राहिली. ते गिऱ्हाइकाकडे पाहत होते आणि पाहता पाहता त्यांची नजर कोपऱ्यातल्या डब्याकडे गेली. त्यांनी बटण तसेच सोडले. सरळ जाऊन झाकणाचे स्क्रू काढले.

झाकण आपोआप उडून बाजूला झाले. वायरीचे टोक अर्धे निसटलेले होते आणि कडेला तपकिरी डाग पडला होता.

“टाचणे, बोट काढ तिथून,” बाबा म्हणाले. “काही कापू नकोस. तुझं काही चुकलेलं नाही. मी डब्याचं माप उपाशीपोटी घेतलं. वायरी बाहेर काढून, पोट रिकामं करून. जेवल्यावर किती फुगतो ते बघितलंच नाही.” स्क्रू हातात तसेच धरून ते म्हणाले, “चूक माझी आहे.”

अर्धवट टाके घातलेल्या कोटात ते गिऱ्हाईक तसेच उभे होते. बाबांनी कोणत्याही माणसासमोर मापात चूक कबूल केल्याचे मी त्या आधी ऐकले नव्हते. टाचणीने वडिलांच्या ओठांतली सुई अलगद काढून घेतली आणि पिनांच्या उशीत खोचली.

बाईंकडून नवी वायर आली. झाकण पुन्हा लावायचे नाही, असे ठरले. पण तुशीचे काय? बाबांनी बारीक जाळीचे कापड काढले, डब्याचे पुन्हा माप घेतले, या वेळी वायरीसकट, आणि कडेला इलॅस्टिक लावून एक सैलसर अंगरखा शिवला. इतका नेटका की त्याला खिसा लावायचाच काय तो राहिला. काळे कार्ड त्यात मजेत वारा घेऊ लागले.

पण पाच दिवस गेले होते ते गेलेच. टाचणीने हिशोब मांडला. पूर्ण तीन मिनिटांची फिल्म तयार व्हायला जितका वेळ हवा, तितका उरला नव्हता.

“‘तीन मिनिटांपर्यंत’ म्हटलंय ना त्यांनी?” बाबांनी विचारले. “मग लांबी कमी कर. कापड पुरत नसेल तर मी कोट आखूड करतो, विरळ विणीचं कापड घेत नाही.”

टाचणीने बाजाराचे सगळे दृश्य काढले. त्या दृश्यावर तिने चार महिने घालवले होते. डोळे पुसले, नाक पुसले आणि कामाला लागली. शेवटच्या दिवशी दुपारी दोन मिनिटे दहा सेकंदांची फिल्म गेली. एकही चुणी न काढता.

दीड महिन्याने पत्र आले. टाचणीला प्रवेश मिळाला होता. बाबांनी ते पत्र तीनदा वाचले. त्यात कोटाच्या चालीचे कौतुक होते, गोष्टीचे होते. कापडाबद्दल एक अक्षर नव्हते.

“बघ,” ते आईला म्हणाले, “कापडाचं कुणी नावसुद्धा काढलं नाही!” असे म्हणताना त्यांचा चेहरा इतका फुलला होता की आई त्या वेळी टोमणा मारायला विसरली.

टाचणी गेली. कॉम्प्युटर आणि काळे कार्ड तिच्याबरोबर गेले. जाळीचा अंगरखाही गेला. कोपऱ्यात जमिनीवर डब्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन तेवढा उरला. आई झाडताना तो चौकोन चुकवून झाडू लागली.

एकदा भंगार गोळा करणारा दारात आला. फळीवरच्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हे द्यायचं का?” आता आपले संपले, असे मी समजलो. बाबांनी मला उचलले, उलटसुलट करून पाहिले. “थांब जरा,” म्हणाले आणि मऊ ब्रशने माझ्या पंख्यातली तूस काढत बसले. भंगारवाला कंटाळून निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बाईंच्या दुकानात होतो. बाईंनी एका वापरलेल्या, लहानशा कॉम्प्युटरमध्ये मला बसवले. त्या वेळी बाबांनी माप घेतले नाही. “तुम्हीच बघा, बाई,” एवढेच म्हणाले आणि तो कॉम्प्युटर घेऊन घरी आले.

मित्रांनो, नवे कार्ड तुम्ही जरूर घ्या. आम्ही जुने झालो की मागे सरायचेच असते, त्यात राग नाही. पण दुकानात जाऊन ‘सगळ्यात जोरदार द्या’ म्हणण्याआधी घरी बसून आपले काम काय आहे ते नीट ओळखा. वेग हवा की जागा हवी, ते त्या कामालाच विचारा. डब्याचे माप वायरीसकट घ्या. आणि माझ्यासारख्या एखाद्याला फेकण्याआधी पंख्यातली तूस काढून पाहा. आम्हाला लागणारी धाप पुष्कळदा म्हातारपणाची नसते, ती नुसती धूळ असते.

टाचणी आता शाळेतून नवनव्या फिल्म पाठवते. त्या माझ्या आवाक्याच्या नाहीत. दर दहा-बारा सेकंदांनी मी अडकतो आणि चित्र जागच्या जागी थांबते. मला शरमेने मेल्यासारखे होते. रविवारी तिचा फोन येतो.

“बाबा, फिल्म अडकत नाही ना हो तिथं? खूप जड झालीय या वेळी.”

“छे गं, पाण्यासारखी वाहते,” बाबा म्हणतात.

मग फोन ठेवून ते खुर्ची पुढे ओढतात आणि फिल्म पुन्हा लावतात. मी पुन्हा अडकतो. ते चिडत नाहीत. त्यांच्या लेकीने काय शिवले आहे ते पाहायला चालते चित्र त्यांना पुरत नाही. ते पडद्याजवळ वाकतात आणि थांबलेल्या चित्रातली एकेक शिवण बोटाने मोजत राहतात. मी वेळ घेतो. त्यांची मोजणी होईपर्यंत मीही पुढे सरकत नाही.